शिक्का एकाचा, खजिना दुसऱ्याचा

विज्ञानकथेतली साम्राज्ये हजारो ग्रहांवर पसरलेली असतात, पण त्यांच्यातले सगळ्यात मोठे भांडण बहुतेक वेळा एकाच घरातले असते. ‘वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड’ या ब्रिटिश युद्धखेळाभोवती कादंबऱ्यांचा जो पसारा वाढला आहे, त्यातली हॉरसच्या बंडाची मालिका हे याचे ठळक उदाहरण. २००६ साली डॅन ॲबनेटच्या ‘हॉरस रायझिंग’ने ती सुरू झाली. मानवजातीच्या सम्राटाला वीस पुत्र; त्यांतल्या दोघांची नोंदच पुसून टाकलेली, उरलेले अठरा आपापल्या फौजेचे सेनानी. उल्लानोरच्या मोठ्या विजयानंतर सम्राट मोहीम सोडून पृथ्वीवर परततो आणि जाताना हॉरसला सगळ्या भावांच्या वर नेमतो. पदाचे नाव वॉरमास्टर, म्हणजे आपल्याकडचा सरसेनापती. काल जे बरोबरीचे होते त्यांना आज हुकूम घ्यायची वेळ येते. काहींना ते मान्य असते, काहींच्या पोटात दुखते, आणि खुद्द हॉरसला वाटते की सँग्विनियस हा भाऊ आपल्यापेक्षा या पदाला लायक होता. पुढे काय होते ते मालिकेच्या नावातच आले. पुस्तक मिटल्यावर वाचक वाद घालतात तो एकाच गोष्टीवरून: निवड चुकली का, आणि दुसरा कोणी नेमला असता तर साम्राज्य वाचले असते का?

वाद रंगतो खरा, पण तो भलत्या टोकाला धरलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. भावाभावांतून सरसेनापती नेमायचा तर कोणाचे नाव पुढे करायचे, याला वाटते तेवढे महत्त्व नसते. नाव ठरल्यावर ज्या दोन गोष्टी ठरवाव्या लागतात त्यांच्यावर सगळे अवलंबून असते. फौजेला पगार कोणाच्या खजिन्यातून मिळणार, ही पहिली. ज्यांना डावलले त्यांनी उद्यापासून कोणाच्या हाताखाली, कोणते काम करायचे, ही दुसरी. या दोन्हींची सोय न लावता दिलेले पद म्हणजे नुसती समजूत काढणे. नेमणारा त्या दिवशी सुटतो, आणि भांडण पुढच्या पिढीच्या गळ्यात पडते. पुढच्या पानांतली साम्राज्ये काल्पनिक आहेत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी हे म्हणणे खऱ्या इतिहासावर घासून पाहायला हवे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज नव्या मोटारी लादलेले ट्रेलर आणि कंटेनर यांची रांग हटत नाही. या रस्त्याच्या शेवटी जे गाव आहे त्याच्या नावातच मराठी राज्याच्या सेनापतींचे आडनाव आहे: तळेगाव दाभाडे. चाकण ज्या खेड तालुक्यात येते त्याच तालुक्यात दावडी आहे, आणि दावडीची पाटीलकी गायकवाडांची. दाभाडे सेनापती, गायकवाड त्यांच्या पदरचे सरदार. आज जिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात त्या या पट्ट्यातून एकेकाळी गुजरातवर स्वाऱ्या निघत होत्या. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोद्यात गायकवाडांच्या सेवेत अनेक वर्षे काढली आणि उतारवयात मुक्काम केला तो तळेगावच्या शेजारच्या कामशेतला. योगायोग असेल, पण दाभाडे-गायकवाड प्रकरणाची दोन्ही टोके एकाच माणसाच्या आयुष्यात यावीत, हे मला गमतीचे वाटते.

सेनापतिपद सुरुवातीपासून घराण्याचे नव्हते. शिवाजी महाराजांच्या काळात ते अष्टप्रधानांतले एक पद होते, आणि ज्याने त्याने ते कामावर टिकवायचे होते. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरच्या हल्ल्याला नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, तेव्हा त्यांचे पद गेले. त्यांच्या जागी पालकरांचा मुलगा किंवा भाऊ न येता कुडतोजी गुजर आले आणि प्रतापराव झाले. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला प्रतापराव पडले, तेव्हाही गुजरांच्या घरात वारस शोधला गेला नाही. हंसाजी मोहिते यांना हंबीरराव हा किताब आणि सेनापतिपद मिळाले. तीन सेनापती, तीन घराणी. हे जमले याचे कारण महाराजांची माणसाची पारख, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण त्याच्याखाली एक रोकडी व्यवस्था होती. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, पगार सरकारी खजिन्यातला, आणि वतने वाटायला महाराज नाखूश. सेनापती बदलला तरी फौज जागच्या जागी राहत असे, कारण ती सेनापतीची नव्हतीच.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १६८० मध्ये झाली, आणि तीही दोन भावांवरून. महाराज गेल्यावर रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्याचा बेत शिजला. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना पकडायला पन्हाळ्याकडे निघाले. राजारामांच्या आई सोयराबाई या हंबीररावांच्या सख्ख्या बहीण. घराण्याच्या हिशेबाने पाहिले तर सेनापतीचा भाचा राजा होत होता, याहून चांगले काय? हंबीररावांनी उलट त्या दोघा प्रधानांनाच कैद केले आणि संभाजीराजांपुढे नेऊन उभे केले. फौज मोहित्यांची असती, तिचा पगार मोहित्यांच्या जहागिरीतून निघत असता, तर हा निर्णय इतका सरळ झाला असता असे मला वाटत नाही.

राजारामांच्या जिंजीच्या काळात हे सगळे मोडले. खजिना उरला नव्हता, म्हणून जो सरदार जो मुलूख जिंकील तो त्याला तोडून देणे भाग पडले. औरंगजेबाशी लढायला दुसरा मार्ग नव्हता, त्यामुळे त्याबद्दल राजारामांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण फौज त्या दिवसापासून सरदारांची झाली. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांची चुरस इतकी विकोपाला गेली की १६९६ मध्ये एकाच राज्याच्या दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या. धनाजी १७०८ मध्ये वारले आणि शाहू महाराजांनी त्यांचे पद त्यांच्या मुलाला, चंद्रसेनाला दिले. बापाचे सेनापतिपद मुलाकडे गेल्याचा हा ठळक दाखला, आणि तो तीन वर्षेही धड टिकला नाही. बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर १७११ मध्ये चंद्रसेन ताराबाईंच्या पक्षाला मिळाला, पुढे निजामाकडे गेला, आणि जाताना फौज घेऊन गेला, कारण ती त्याची होती. शाहू महाराजांनी त्याच वर्षी बाळाजींना ‘सेनाकर्ते’ हे नवे पद दिले. सेनापती आहेच, आता सेनाकर्तेही झाले. शिवाय सेनासाहेबसुभा, सरलष्कर, पुढे सेनाखासखेल. साताऱ्याच्या दरबाराने प्रत्येक तंट्यावर एक नवा किताब शोधून काढला. किताबांची ही रांग बघितली तरी मुळात सैन्यावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न किती काळ टांगून ठेवला होता ते लक्षात येते.

११ जानेवारी १७१७ रोजी खंडेराव दाभाडे सेनापती झाले. नेमणूक वाईट नव्हती. राजारामांबरोबर जिंजीला गेलेले, खानदेश-बागलाण आणि गुजरातच्या बाजूने वर्षानुवर्षे लढलेले, आणि बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीची वारी करून आलेले हे गृहस्थ होते. गुजरात हे त्यांचे क्षेत्र ठरून गेले. १७२९ मध्ये ते वारले. पद थोरला मुलगा त्रिंबकराव याच्याकडे आले. नेमके याच सुमारास पेशव्यांनी गुजरातेत हात घातला. १७३० मध्ये चिमाजी अप्पांच्या मार्फत गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून चौथ-सरदेशमुखीचा करार झाला, आणि त्यात पिलाजी गायकवाडांसारख्या सरदारांना पेशव्यांनी आवर घालावा असे आले. पिलाजी म्हणजे दाभाड्यांचा उजवा हात. म्हणजे ज्या प्रांतावर दाभाड्यांनी घाम गाळला त्याची वसुली आता पेशव्यांनी ठरवायची, आणि सेनापतीच्या माणसांना पेशव्यांनी वेसण घालायची. त्रिंबकरावांनी निजामाशी संधान बांधले, ही त्यांची चूक इतिहासाने पुरेशी मोजली आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र जरा वेगळे दिसते. सेनापती हे नाव त्यांचे, लढायचे काम त्यांचे, आणि पैशाची कलमे दुसऱ्याच्या शिक्क्याने लिहिली जात होती.

१ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळ दोन मराठी फौजा समोरासमोर आल्या. त्रिंबकरावांच्या बाजूला पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे, उदाजी पवार, समोर बाजीराव. त्रिंबकरावांनी आपल्या हत्तीच्या पायात साखळदंड घातले होते, म्हणजे मागे फिरण्याचा विचारच उरू नये, असे सांगितले जाते. गोळी लागून ते हत्तीवरच पडले आणि लढाई संपली. छत्रपतींच्या पेशव्याने छत्रपतींच्या सेनापतीला रणात मारले होते, आणि दोघेही छत्रपतींच्याच नावाने लढत होते. अवघ्या बारा दिवसांनी, १३ एप्रिलला, शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या दोन चुलतभावांमध्ये वारणेचा तह झाला. दोन राज्यांची हद्द ठरली. मला हा योग बोलका वाटतो. वारणेला चुलतभावांत स्पष्ट रेघ ओढली गेली आणि ते भांडण निवळले. डभोईनंतर तळेगावच्या बाबतीत महाराजांनी नेमकी तेवढीच गोष्ट केली नाही.

त्यांनी काय केले ते तपशिलाने पाहायला हवे, कारण या प्रस्तावनेचा सगळा भार त्यावर आहे. परंपरा सांगते की महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन तळेगावला गेले, त्यांना त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंच्या पायावर घातले आणि सूड घ्यायचा तर घ्या म्हणाले. प्रसंग जसा सांगतात तसाच घडला असो वा नसो, महाराजांचा स्वभाव त्यात आहे. मग पदांची वाटणी झाली. मारल्या गेलेल्या त्रिंबकरावांचा धाकटा भाऊ यशवंतराव सेनापती झाला आणि त्याच्याहून धाकटा सवाई बाबूराव सेनाखासखेल. म्हणजे एका भावाचे प्रेत, आणि उरलेल्या दोघांना एकेक किताब. गुजरातचा कारभार सेनापतीकडे राहावा, पण उत्पन्नाचा अर्धा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरावा, असे ठरले. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ज्या कलमामुळे डभोई घडले होते तेच कलम, थोडे साखरेत घोळून, पुन्हा लिहिले गेले. हुकूम दाभाड्यांचा, खजिन्याची वाट पेशव्यांच्या दारातून. आणि दोन भावांत कोण कोणाच्या हाताखाली, फौज एक की दोन, याबद्दल काहीच नाही.

परिणाम दिसायला वर्षही लागले नाही. यशवंतराव व्यसनात बुडालेले. त्यांच्या नावाने फौज हलवणारे पिलाजी गायकवाड. १७३२ मध्ये मारवाडच्या अभयसिंगाने डाकोरला पिलाजींचा खून करवला, तेव्हा त्याचा जाब विचारायला अहमदाबादवर चालून गेल्या त्या विधवा उमाबाई. सेनापती घरात असताना मोहीम सेनापतीच्या आईला चालवावी लागली. उमाबाईंच्या कर्तबगारीचे हे मोठे प्रशस्तिपत्र आहे आणि दरबाराने केलेल्या निवडीवरचा तितकाच मोठा शेराही. किताब दाभाड्यांकडे राहिले, घोडेस्वार पिलाजींचे पुत्र दमाजी यांच्याकडे गेले, आणि पुढे सेनाखासखेल हा किताबही गायकवाडांच्या नावाला चिकटला. १७५१ मध्ये ताराबाईंच्या बाजूने उठलेल्या दमाजींना नानासाहेब पेशव्यांनी कैद केले, दाभाडे कुटुंबाला लोहगडावर ठेवले, आणि अर्धा गुजरात सोडवून घेतला. श्रावणात तळेगावला विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा खंडेरावांनी सुरू केली होती, तीसुद्धा पेशव्यांनी पुण्यात चालू केली. इंग्रजी अमलात याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. मुलूख, फौज, किताब, दक्षिणा, एकेक करून सगळेच तळेगावातून गेले. सेनापती हे नाव तेवढे कोणी काढून घेतले नाही, कारण त्याने आता कोणाचे काही अडत नव्हते.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की शाहू महाराजांपुढे पर्याय होता कुठे? शिवकाळासारखी सरकारी पागा नव्हती. दाभाड्यांना डावलून एखादा लायक परका सेनापती नेमला असता, तर गायकवाड-बांड्यांचे घोडेस्वार त्याच्यामागे गेले असते का? नसतेच गेले. चंद्रसेनासारखे तेही निजामाकडे गेले असते. आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझे म्हणणे पडत नाही, उलट घट्टच होते. माणूस बदलणे महाराजांच्या हाती नव्हते, पण कलमे बदलणे होते. गुजरात पुरता सेनापतीला देऊन ठरीव खंडणी थेट साताऱ्याला घेता आली असती; किंवा गुजरात पेशव्यांकडे देऊन दाभाड्यांना दुसरा प्रांत तोडून देता आला असता, जसे वारणेला हद्दीचे झाले. फौज एकाच भावाच्या नावाने लिहून दुसऱ्याला त्याचा मुतालिक करता आले असते. यातले काहीही महागडे नव्हते. कोणाला तरी स्पष्ट नाही म्हणावे लागले असते, एवढेच. आणि शाहू महाराजांना नेमके तेच जड जाई. त्यांच्या मवाळपणाने मराठी राज्याला चाळीस वर्षे एकत्र धरून ठेवले हे खरे, आणि त्याच मवाळपणाने हे तंटे जिवंत ठेवले हेही खरे.

दुसरा आक्षेप वारशाबद्दलचा. घराण्याने पद मिळणे इतके वाईट, तर बाजीरावही बापाच्या जागी आले होते की. १७२० मध्ये विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराला पेशवाई दिली, तेव्हा दरबारात श्रीपतराव प्रतिनिधींसारखे विरोधक होतेच. बरोबर. म्हणूनच मी वारशाला मूळ दोष मानत नाही. बाजीराव आणि चिमाजी अप्पा हे दोन सख्खे भाऊ, दोघेही अव्वल दर्जाचे सेनानी. नोव्हेंबर १७२८ मध्ये आमझेऱ्याला गिरधर बहादुराला चिमाजींनी मारले, १७३९ मध्ये वसई चिमाजींनी घेतली. तरी चिमाजींना कोणी पेशव्यांच्या तोलाचे वेगळे पद दिले नाही, वेगळी फौज तोडून दिली नाही. दफ्तर एक, कर्ज एक, फौज एक. थोरला पुढे आणि धाकटा त्याच्या शब्दात. घर तळेगावहून फार लांब नव्हते, काळ तोच होता, वारसाही तसाच होता. फरक होता तो नेमक्या त्या दोन कलमांत.

तिसरा आक्षेप पानिपतचा, आणि तो टाळून चालत नाही. कर्तबगारी आणि हिशेब पाहून सेनापती निवडला तरी काय झाले, असे कोणी विचारील. नानासाहेबांचे भाऊ रघुनाथराव १७५८ मध्ये लाहोरपर्यंत गेले खरे, पण मोहिमेने तिजोरीत भर पडायच्या ऐवजी कर्ज झाले, आणि हिशेबाला कडक असलेल्या सदाशिवरावभाऊंनी ते बोलून दाखवले. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊंनी उदगीरला निजामाला नमवले. महिनाभर आधी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. उत्तरेत कोणाला पाठवायचे हे ठरवायची वेळ आली तेव्हा नानासाहेबांनी सख्ख्या भावाऐवजी चुलतभाऊ निवडला, आणि मोहिमेला नाव दिले आपल्या थोरल्या मुलाचे, विश्वासरावांचे. नुसत्या नावांची तुलना केली तर भाऊंची निवड वावगी नव्हती असेच मला वाटते. १४ जानेवारी १७६१ चा पराभव एका नेमणुकीवर टांगणे अन्यायाचे आहे. रसद तुटली, दिल्लीपासून दूर उपाशी फौज अडकली, सुरजमल जाट बाजूला झाला, अब्दालीजवळ ताजे राखीव स्वार होते. पण नेमणुकीच्या कागदाकडे बघा. मोहीम निघतानाच पैसा अपुरा; तो वाटेत उत्तरेतल्या मामलेदारांकडून, मुख्यतः गोविंदपंत बुंदेल्यांकडून, उभा करायचा होता. मुख्य नाव एका कोवळ्या मुलाचे, हुकूम दुसऱ्याचा. आणि उत्तर ज्याने पाहिली होती, होळकरांशी ज्याचे जमत होते, त्या रघुनाथरावांना करायला काहीच काम नाही.

डावललेल्या भावाचे पुढे काय होते, हे पाहायला पुन्हा तळेगावलाच यावे लागते. रघुनाथराव १७६२ मध्ये पुतण्या माधवरावांवर चालून गेले, १७६८ मध्ये धोडपला हरले, १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी करार करून बसले. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची इंग्रज फौज त्यांना पेशवाईवर बसवायला घाट चढून आली ती तळेगावपर्यंत. मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळून टाकले होते. दाणा-वैरण काही हाती लागेना. रात्रीत माघार घेताना फौज वडगावजवळ गाठली गेली आणि तिथे तहावर सही करावी लागली. जुन्या सेनापतींचे गाव एका न झालेल्या सेनापतीमुळे जळाले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. त्या दिवसांत समोरची बाजू सांभाळणाऱ्यांत महादजी शिंदे होते. राणोजींच्या मुलांपैकी पानिपतानंतर उरलेले ते एकटे, आणि जहागिरीवरच्या त्यांच्या हक्काला घरातूनच आव्हान दिले जात होते. रघुनाथरावांचा पाठिंबा दुसऱ्या दावेदाराला होता. माधवरावांनी १७६८ मध्ये तो वाद महादजींच्या बाजूने मिटवला. जहागीर, फौज आणि नाव तिन्ही एका हाती दिले, अर्धे-अर्धे केले नाही.

चौथा आक्षेप या पट्ट्यातल्या आजच्या वाचकाच्या मनात येईल. वाटणी नेहमीच वाईट कशी? आकुर्डीच्या बजाज ऑटोची २००७-०८ मध्ये विभागणी झाली. वाहनांचा धंदा राजीव बजाज यांच्याकडे आणि वित्तसेवांचा संजीव बजाज यांच्याकडे गेला, आणि दोन्ही कंपन्या वाढल्या. दोन भावांना दोन पदे देऊन चालते की. चालते, कारण तिथे दोन वेगळे धंदे होते, दोन वेगळे ताळेबंद होते, आणि एकाची कमाई दुसऱ्याच्या सहीवर अडत नव्हती. वारणेचा तह याच जातीचा. लढाईच्या मैदानावर मात्र शत्रू एकच असतो आणि त्याच्यावर एका वेळी एकाच बाजूने चालून जायचे असते. एकच काम अर्धे कापून दोघांना वाटले, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या अर्ध्यावर डोळा ठेवून राहतो. आधुनिक राज्येही या अडचणीतून सुटलेली नाहीत. कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षण दलप्रमुख असावा अशी शिफारस केली, आणि पहिला प्रमुख पदावर बसला १ जानेवारी २०२० ला. तीन दलांना, म्हणजे तीन तोलामोलाच्या भावांना, एकाला वर बसवण्याची धास्ती हे या दिरंगाईचे एक कारण होतेच. नेमताना त्याला तिन्ही दलांवर थेट लढाईचा हुकूमही दिला गेला नाही. पद देताना त्याची मर्यादा स्पष्ट लिहिली, हे मी त्यातल्या त्यात शहाणपणाचे समजतो. शाहू महाराजांच्या सनदांत तेवढेही नव्हते.

आता हॉरसकडे. त्याच्या मालिकेचे चाहते म्हणतील की ही सगळी राजकारणाची चर्चा त्या कथेला लागू होत नाही, कारण हॉरस बिघडतो तो जखमी झाल्यावर अमानवी शक्तींनी त्याला भुलवल्यामुळे. कलमे कितीही नीट लिहिली असती तरी राक्षसांपुढे त्यांचे काय चालले असते? पण लेखकांनी ती भूल कोणत्या जमिनीवर पेरली आहे ते पाहावे. सम्राट मोहीम सोडून जातो आणि का जातो ते मुलांना सांगत नाही. मागे एक मुलकी परिषद नेमतो, तिच्यात एकाही सेनानीला जागा नाही. नुकत्याच जिंकलेल्या, अजून धुमसणाऱ्या ग्रहांवर या परिषदेचे वसुलीदार पोचतात, आणि त्या वसुलीने पेटणारी बंडे मोडायचे काम हॉरसच्या माथी येते. मोहिमेचा हुकूम एकाचा, खजिना दुसऱ्याचा. दुसऱ्या कलमाचीही तीच गत. सतरा भाऊ हॉरसच्या हाताखाली गेले म्हणजे काय झाले, त्यांची फौज त्याने हलवायची की त्यांनी, त्याने चूक केली तर दाद कोणाकडे मागायची, हे सम्राटाने कुठेच बोलून ठेवलेले नाही. तो जातो तेव्हा प्रत्येक भाऊ आपापल्या फौजेचा मालक असतो, आणि वॉरमास्टर त्या सगळ्यांचा मान तेवढा घेतो. राक्षस आले ते नंतर. त्यांना हॉरसच्या मनात काही नवे घालावे लागले नाही. बाप आपल्याला लढायला लावतो आणि फळ कारकुनांना देतो, ही तक्रार तिथे आधीच होती, आणि ती खोटी नव्हती. डभोईला निघताना त्रिंबकरावांच्या मनात जी होती तीही खोटी नव्हती, आणि निजामालाही तिथे काही नवे पेरावे लागले नव्हते.